चोवीस पॉवरची काच

सुमतीताई, तुम्ही माझ्या हातून सुटलात.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. उद्या तेरावा, तुमच्या विनायकरावांनी मेडनहेडमधल्या सगळ्या मराठी घरांना जेवायला बोलावलं आहे, आणि गोड जेवणानंतर माणसं गोडच बोलतात. म्हणून मी आदल्या दिवशीच लिहायला बसले आहे. तुमच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. गेल्या आठवड्यात क्रिमेटोरियमच्या त्या नीटनेटक्या सभागृहात, जिथल्या लिलीच्या फुलांनासुद्धा मेणाचा वास येत होता, तुमच्या हॉस्पिटलमधली सिस्टर सांगत होती की भूल देताना डॉक्टरबाई रुग्णाच्या कानाशी वाकून त्याच्या मुलांची नावं विचारत, आणि शेवटचं नाव ओठांवर असतानाच तो झोपी जाई. सगळ्यांनी रुमाल काढले. मीही काढला. रुमालाआड मी दात आवळून बसले होते. मला रडू येत होतं ते तुमच्या जाण्याचं नव्हतं. माझ्याकडून हरायच्या आधी तुम्ही गेलात, ह्याचं होतं.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं तेव्हाची आपली पहिली भेट. मी लायब्ररीच्या काउंटरमागे उभी होते आणि तुम्ही कॅटलॉगच्या खणात बोटं खुपसून पुटपुटत होतात, "मेलं कुठे दडवून ठेवलंय कोण जाणे." मी मराठीत विचारलं, "काय शोधताय?" तुम्ही दचकला नाहीत, वळलाही नाहीत. "रायफलच्या स्कोपवरचं पुस्तक," म्हणालात, बंदुकीवरच्या दुर्बिणीचं, जणू लोणच्याच्या पाककृती मागाव्यात तसं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "तू कुठली? नवरा काय करतो? टी-ब्रेक किती वाजता तुझा?" तीन प्रश्न एका श्वासात, आणि चौथा टी-ब्रेकमध्ये: "शनिवारी काय करतेस?"

शनिवारी मी काहीच करत नव्हते. पुण्यात कविता घेऊन एम.ए. केलेली बाई इथे पुस्तकांच्या पहिल्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के मारत होती, आणि शनिवारी त्या शिक्क्यांची शाई बोटांवरून धूत होती. तुम्ही मला गाडीत घातलंत आणि गावाबाहेरच्या त्या जुन्या खडूच्या खाणीत नेलंत, जिथे आपला रायफल क्लब होता. ओल्या खडूचा तो थंड, पिठासारखा वास. चहाच्या खोपटातल्या रॉकेलच्या शेगडीची ऊब. आणि गोळी सुटल्यावर नाकाच्या टोकाशी रेंगाळणारा जळक्या दारूचा तिखट धूर. इंग्लंडला वास आहे हे मला त्या दिवशी कळलं. तोवर हा देश मला काचेआडून पाहिल्यासारखा वाटत असे.

तुम्ही मला शिकवलंत, हे मी नाकारणार नाही. चटईवर माझ्या शेजारी पालथं पडून, तुमच्या त्या भूल देणाऱ्या आवाजात सांगायचात, "श्वास घे. अर्धा सोड. आता जी रिकामी जागा मिळाली ना, तिथे राहा. बोट तिथेच हलवायचं." ती जागा माझ्या ओळखीची होती. श्लोक म्हणताना मध्ये जिथे थांबायचं असतं, ती यती. मी तसं म्हटलं तर तुम्ही हसलात. "कविता घरी. इथे निशाण्याच्या कार्डावर भोकं पाड."

माझ्या परवान्याच्या वेळी पोलिसांचा माणूस घरी आला, तेव्हा त्याने सगळे प्रश्न आमच्या ह्यांना विचारले. रायफल कशाला हवी, कुठे ठेवणार, कधीपासून नेमबाजी करता. हे बिचारे, ज्यांना डासही मारवत नाही, एकेका प्रश्नाला माझ्याकडे बोट दाखवत होते. शेवटी मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि कमरेच्या किल्लीने जिन्याखालचं पोलादी कपाट उघडून दाखवलं. तुम्हाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की विनायकरावांनी मागून विचारलं, काय झालं, पाणी देऊ का.

आपलं भांडण मात्र पहिल्या वसंतापासूनचं. हेन्लीच्या वाटेवरच्या त्या शेतकऱ्याचं बार्लीचं कोवळं पीक सशांनी कडेकडेने खाऊन टाकलं होतं आणि त्याने आपल्याला ससे मारायची परवानगी दिली होती. तुम्ही आधीच बजावलंत, "एका गोळीत मरायला हवा. ते जमणार नसेल तर घरी बस, भजनं म्हण." माझ्या रायफलवर चार पॉवरचा साधा स्कोप होता, म्हणजे वस्तू चौपट जवळ दिसणार, एवढंच. तुमच्या रायफलवर तो तुमचा लाडका, सहापासून चोवीस पॉवरपर्यंत फिरणारा. कुंपणाच्या कडेला आपण पडून होतो. कोपराखाली गवत ओलं होतं, उजेड अजून दुधात पाणी घातल्यासारखा. माझ्या काचेत अर्धं शेत मावत होतं: झुडूप, त्याच्या डावीकडे ससा, त्याच्या मागे दुसरा.

"कुठे गेला मेला?" तुम्ही कुजबुजलात.

"झुडपाच्या डावीकडे. दोन हातांवर."

"झुडूप कुठाय?"

तुम्ही चोवीसवर पाहत होतात. त्या पॉवरला तुमच्या काचेत टीचभर शेत येत होतं आणि पहाटेचा होता नव्हता तो उजेडही आटून जात होता. मी श्वास अर्धा सोडला. ससा जागच्या जागी कलंडला, पाय झाडले नाहीत. तुम्ही उठून बसलात आणि म्हणालात, "मला त्याचा डोळा बघायचा होता."

"मी शेत बघत होते."

"मोठी आलीस शेतकरीण."

पण पुढच्याच शनिवारी शंभर यार्डांवरच्या कार्डासमोर तुम्ही मला लोळवलंत. चार पॉवरमध्ये मला कार्डावरची माझीच भोकं दिसेनात. तुम्हाला प्रत्येक भोकाची कड दिसत होती. येताना गाडीत तुम्ही गाणं गुणगुणत होतात. ते भांडण मग आपलं नित्याचं झालं. सशाला चार किंवा सहा, कारण ससा थांबत नाही आणि पहाट उजेड देत नाही. कार्डाला बारा, सोळा, चोवीस, कारण कार्ड पळून जात नाही. एवढं तर आपण दोघींनी मान्य केलं. त्यापुढे तुमचं म्हणणं, मिळेल तेवढी पॉवर घ्यावी. माझं म्हणणं, सोसेल तेवढीच. उन्हाच्या दिवशी चोवीसमध्ये कार्डापुढची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते, हे मी, चोवीसला कधी डोळा न लावताच, म्हणायची. "मग हवा वाचायला शीक," तुम्ही म्हणायचात. भाजीच्या दुकानात, बसस्टॉपवर, तुमच्या स्वयंपाकघरात. तिथे तुम्ही काळ्या मसाल्यात ससा शिजवत असायचात आणि मी खात नाही म्हणून टोमणा मारायचात, "मारायला हात चालतो, खायला तोंड चालत नाही होय गं?"

त्या भांडणासारखं सुख मला परदेशात दुसरं मिळालं नाही. म्हणून तर तुम्ही पुढे जे केलंत ते मला कळायला तीन वर्षं लागली.

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघात सहा जागा होत्या. पाच ठरल्या होत्या. सहावी तुमची किंवा माझी, आणि ते निवड चाचणीत ठरायचं होतं. तुम्ही छप्पन्न वर्षांच्या होतात, मी बेचाळीस. त्या उन्हाळ्यात माझी कार्डं तुमच्याहून बरी पडत होती. तुम्ही माझी कार्डं उजेडाला धरून पाहत होतात. चाचणीला पंधरा दिवस असताना तुम्ही तुमचा स्कोप माझ्यापुढे ठेवलात.

"हा वापर. तू नवी घेतलीस त्या सहाच्या काचेने काउंटीत हसतील तुला."

"आणि तुम्ही?"

"माझ्याकडे जुना आहे."

तुम्ही स्वतः तो माझ्या रायफलवर बसवलात. छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने, जिभेचं टोक दातांत धरून, शस्त्रक्रिया करावी तसा. पॉवरची कडी चोवीसवर फिरवून ठेवलीत. मी चटईवर पडले, गाल लाकडाला टेकवला, आणि काचेतल्या त्या केसाएवढ्या काळ्या फुलीतून पाहिलं. फुली थरथरत होती. मधल्या काळ्या गोलावरून ती डावीकडे जायची, वर उडायची, धापा टाकत परत यायची. मी श्वास धरला. ती अधिकच उडायला लागली.

"काय झालं?" तुम्ही शेजारून विचारलंत.

"फुली कापतेय."

तुम्ही कुशीवर माझ्याकडे वळलात. मग डॉक्टरांचा आवाज आला, भूल देणारा नव्हे, निदान करणारा, जो मी आधी कधी ऐकला नव्हता. "कधीपासून?"

"आजच दिसली."

"आज दिसली म्हणजे आज सुरू झाली असं नसतं गं. कमी पॉवरमध्ये ते लपतं. चोवीसमध्ये खरं दिसतं." आणि मग, अगदी हळू, "आईंना कितव्या वर्षी सुरू झालं होतं?"

सुमतीताई, हे तुम्हाला मी सांगितलं होतं. दुसऱ्या कुणालाही नाही. माझ्या आईचा कंपवात. बशीवर कप वाजायचा तो बारीक, अखंड किणकिणाट. पदर खोचायला निऱ्यांपर्यंत न पोचणारा हात. कपाळाचं कुंकू भुवईत उतरलेलं, आणि मी शाळेत जाण्याआधी ओल्या बोटाने ते पुसून पुन्हा लावायची. तुमच्या स्वयंपाकघरात, एका पावसाळी दुपारी, हे सगळं मी तुमच्यापुढे ठेवलं होतं, आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवला होतात.

"शेहेचाळिसाव्या," मी म्हणाले.

तुम्ही माझं मनगट धरलंत. नाडी मोजावी तशी तीन बोटं ठेवलीत. ती बोटं उबदार होती. आजही त्या जागी मला ती जाणवतात आणि मी हात झटकते. "घाबरू नकोस," म्हणालात. "ट्रायलचं टेन्शन घेऊ नकोस. हॉवर्डशी मी बोलते."

आणि आपल्या क्लबच्या कॅप्टनशी, त्या भल्या हॉवर्डशी, तुम्ही बोललात. डॉक्टर बोलल्यावर कोण काय विचारणार? त्याने मला सहानुभूतीचं कार्ड पाठवलं, वर जांभळी फुलं. काउंटीला तुम्ही गेलात, तुमचा तो स्कोप परत घेऊन. त्या जागेवर तुम्ही पाच वर्षं राहिलात.

मी तीन वर्षं माझे हात पाहत राहिले. लाटण्यावर पाहिले, सुईत दोरा ओवताना पाहिले, लायब्ररीत कुणाला सुटे पैसे देताना पाहिले. पाहुण्यांना चहा ओतायचं काम मी आमच्या ह्यांच्यावर टाकलं. शाईचं पेन सोडलं; कविता तर अक्षराशिवाय सुचतच नव्हती, ती आपोआप सुटली. हे म्हणायचे, "अगं, आपल्या जीपी डॉक्टरला तरी दाखव." मी म्हणायची, "डॉक्टरांनी पाहिलंय." मला दुसऱ्या तोंडून तेच ऐकायचं नव्हतं. आमची ऋता, जिचं मराठी शाळेच्या बसमध्ये अर्धं सांडायचं, एकदा माझ्यापुढे स्वतःचा पंजा पसरून म्हणाली, "आई, बघ ना, माझी हात जास्त हलते. तुझी काहीच नाही होत." मी तिच्यावर ओरडले. तिला ते मिळालं असेल, ह्या विचाराने.

आणि दर दिवाळीला तुम्ही चिवड्याचा डबा घेऊन यायचात. दारातच विचारायचात, "हात कसा आहे गं?" मी कृतज्ञ व्हायची. तुम्ही गेल्यावर ह्यांना म्हणायची, बघा, माणसं कशी आठवणीने विचारतात. हे आठवलं की अजून माझ्या तोंडाला कडवट पाणी सुटतं. पहिल्या वर्षी तुम्ही घाबरला असाल, लाज वाटली असेल, असं मी तुमच्या वतीने समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. पण दुसरी दिवाळी? तिसरी?

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा मी रायफल विकायला काढली. रीडिंगच्या बाहेर एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेले. त्याने विचारलं, इतकी चांगली ठेवलीय, मग विकता का? मी म्हणाले, माझे हात कापतात. कशावरून? चोवीसच्या स्कोपमधून दिसलं.  मग त्याने मागच्या लांब बोळात, जिथे शेवटच्या भिंतीवर एक कार्ड चिकटवलेलं होतं, वर तसाच चोवीसचा स्कोप असलेली एक रिकामी रायफल टेकवली.

"बघा."

मी पाहिलं. फुली नाचत होती. तीच ती, तीन वर्षांपूर्वीची. माझे डोळे भरून आले. त्याने माझ्या कानाशी हात नेऊन कडी फिरवली, सहावर. फुली निवांत बसली. पुन्हा चोवीसवर, नाचली. पुन्हा सहावर.

"मॅडम, अर्ध्या मिनिटात तुमचा आजार दोनदा आला आणि दोनदा बरा झाला."

"पण तो असतोच ना? सहामध्ये फक्त लपतो."

त्याने आतल्या दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. हाताला पीठ लागलेली, रुंद खांद्यांची बाई बाहेर आली. कडी चोवीसवर होती. तिने डोळा लावला आणि म्हणाली, "नाचतंय. नेहमीसारखं. ह्यासाठी मला कणकेतून उठवलंस?" आणि आत निघून गेली.

"ज्याला छाती आहे त्याचं नाचतं," तो म्हणाला. "आत ठोके पडत असतात ना. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही?"

मी रायफल विकली नाही. बाहेर येऊन बसस्टॉपवर बसले आणि दोन बस जाऊ दिल्या. तिथे मी तुमचं वाक्य पुन्हा पुन्हा तोंडात घोळवलं. कमी पॉवरमध्ये ते लपतं, चोवीसमध्ये खरं दिसतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तुम्ही फक्त पुढचं वाक्य बोलला नव्हतात: माझंही तसंच दिसतं गं.

तरीही, मी तुम्हाला शंकेचा फायदा द्यायला तयार होते. वाटलं, कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. क्लबात परत नाव घालायला गेले तेव्हा हॉवर्डने नवख्या सभासदांना द्यायचे दोन टाइप केलेले कागद माझ्या हातात ठेवले. दुसऱ्या पानावर स्कोपविषयी होतं. जास्त पॉवरमध्ये प्रत्येकाची फुली थरथरते. हे हृदयाचे ठोके आणि श्वास, आजार नव्हे. घाबरू नका, पॉवर खाली आणा. खाली तुमचं नाव, हुद्द्यासकट.

"हे कधी लिहिलं डॉक्टरांनी?" मी विचारलं.

"युगं झाली," हॉवर्ड म्हणाला. "मी क्लबात आलो तेव्हा मलाही हेच दिलं होतं. तुला मिळालं नव्हतं?"

मला मिळालं नव्हतं. मला तर तुम्ही स्वतः शिकवलं होतंत.

त्या दिवशी मी तुम्हाला जाब विचारू शकले असते. तुम्ही चहाच्या खोपटातच होतात, पाठमोऱ्या, बिस्किटांचा डबा उघडत. मी विचारलं नाही, कारण मला तुमचं उत्तर नको होतं. तुम्ही रडला असतात, किंवा माझ्या पाठीवरून हात फिरवला असतात, आणि मी विरघळले असते. मला तुम्हाला हरवायचं होतं. काउंटीच्या चाचणीत, हॉवर्डसमोर, तुमच्या कार्डाशेजारी माझं कार्ड लावून. आणि मग, तुम्ही चष्मा काढून ते पाहत असताना, तुमच्याच डॉक्टरी आवाजात विचारायचं होतं: कधीपासून, सुमतीताई?

ते एक वाक्य मी दोन वर्षं जपलं. त्याच्यासाठी हिवाळ्यात, बोटांना कातडं उरणार नाही अशा थंडीत, खाणीत एकटी पडून राहिले. रीडिंगच्या त्याच दुकानातून फिरत्या पॉवरचा स्कोप घेतला आणि सहापासून सुरू केलं. आठ, दहा, बारा. फुलीला थांबवायचा हट्ट मी सोडला. तिच्या नाचण्याला लय असते हे मला हळूहळू ऐकू यायला लागलं. ठोका, विसावा, ठोका, विसावा. त्या विसाव्यात बोट हलवायचं. हेही तुम्हीच शिकवलं होतंत, आणि त्याचाही मला राग येत असे. मी तुमचा सूड तुमच्याच विद्येवर पोसत होते.

गेल्या वर्षीच्या चाचणीत मी एका गुणाने हरले. एका. तुम्ही माझं कार्ड उजेडाला धरलंत, भोकं मोजलीत आणि विचारलंत, "कितीवर ठेवला होतास?"

"बारावर."

"तरीच. कमी पॉवरमध्ये सुख असतं, गुण नसतात."

मी हसले. मनात म्हटलं, पुढच्या वर्षी.

पुढचं वर्ष तुम्ही ठेवलंच नाहीत. नाताळात तुमची पोटदुखी, जानेवारीत त्या आजाराचं नाव, जे विनायकराव फोनवर एकेक अक्षर सुटं करून म्हणाले. मी हॉस्पिटलमध्ये आले ती तुम्हाला भेटायला नव्हे, हे आज कबूल करते. चाचणी होणार नव्हती. निदान ते वाक्य तरी तुमच्यापुढे ठेवावं म्हणून आले. जिन्यात दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. तुम्ही उशीत इतक्या लहान झाला होतात की आधी मला पलंग रिकामाच वाटला. जंतुनाशकाचा वास, आणि त्याखाली तुमच्या केसांच्या खोबरेल तेलाचा. तुम्ही सिस्टरला हाक मारलीत. इंग्रजीत म्हणालात, "ही माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. माझ्यापेक्षा बरी मारते. स्कोपच्या बाबतीत मात्र अजिबात ऐकत नाही." आणि हसलात, तेव्हा तुमचे दात केवढे मोठे दिसले.

सिस्टर माझ्याकडे कौतुकाने पाहत होती. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट राहिली नव्हती. तुम्ही दार लावून घेतलं होतंत. मला माहीत नाही तुम्ही ते मुद्दाम केलंत की मरणाच्या दारात माणूस खरं बोलतो तसं बोललात. माझ्यापेक्षा बरी मारते! हे तुम्ही हॉवर्डला सांगायचं होतं, पाच वर्षांपूर्वी. मी तुमच्या ओठांना ओला कापूस लावला, उशी सरळ केली, आणि परत आले. बसमध्ये मला तुमची इतकी माया आली की स्वतःचीच चीड आली.

काल क्लबची सभा झाली. खोपटात सगळे दाटीने बसले होते. विनायकरावही आले होते, तुमचा तो तपकिरी मफलर गुंडाळून. हॉवर्डने उभं राहून सुचवलं की सप्टेंबरच्या सामन्याच्या कपाला तुमचं नाव द्यावं. आपल्या क्लबचा नियम तुम्हाला माहीतच आहे: नावाच्या बाबतीत एकाचाही विरोध असला तर ते नाव पडतं. "कुणाचा विरोध?" त्याने औपचारिकपणे विचारलं आणि मान खाली घालून लिहायलाही लागला.

"माझा," मी म्हणाले.

 हॉवर्डने पेन खाली ठेवलं. "कारण विचारू का?"

"नको."

कुणी खोकलं, कुणी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने लिहिलेली ओळ खोडली. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. कितीतरी वर्षांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

विनायकराव बाहेर खडूच्या कड्याखाली माझी वाट पाहत होते. "वासंती," ते म्हणाले, "तिने तुझं काय वाईट केलं होतं?"

मी सांगू शकले असते. त्यांनी ऐकून घेतलं असतं, त्यांचा स्वभावच तसा. पण उरलेलं आयुष्य त्यांना ते उशाशी घेऊन काढावं लागलं असतं, आणि माझा हिशेब त्यांच्याशी नाही. "त्यांनी मला सगळं शिकवलं," मी म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. सप्टेंबरमध्ये तो कप मी जिंकणार आहे. माझ्या घरात तो वर्षभर राहील. त्यावर त्यांचं नाव मला नको."

 त्यांना काही कळलं की नाही, मला समजलं नाही. मग मफलरमधून बारीक हसू आलं. "ती असती तर म्हणाली असती, आधी जिंक तर खरी."

"म्हणाल्या असत्या."

"आणि विचारलं असतं, स्कोप कितीवर ठेवणार."

हो, विचारलं असतंत. पहिल्यांदा तेच विचारलं असतंत. उद्या तुमच्या घरी जेवायला येईन, श्रीखंड वाढायला उभी राहीन, सगळे तुमचं कौतुक करतील तेव्हा मान हलवीन, आणि त्यातलं बरंच खरं असेल. तुमची आठवण मला रोज येईल. तुम्हाला क्षमा मी करणार नाही. सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी खाणीत जाईन. सामन्याच्या दिवशी चटईवर पालथी पडेन, गाल लाकडाला टेकवीन आणि पॉवरची कडी फिरवीन. ती कितीवर थांबेल, ते मात्र तुम्हाला सांगणार नाही.